पडलेलं आरसी विमान पुन्हा उडवण्याआधी: दुरुस्तीचा नेमका क्रम

रिमोटवर उडणारं आरसी विमान पडतं, नाक चेपतं, पंख मोडतो. मैदानावरच ग्लू बाहेर निघतो, पंधरा मिनिटांत तुकडे चिकटतात आणि उजेड आहे तोवर विमान पुन्हा हवेत जातं. बरीच विमानं कायमची संपतात ती या दुसऱ्या उड्डाणात. पहिल्या वेळी ज्या कारणानं विमान पडलं ते कारण आत तसंच असतं. त्यात वाकडा बसलेला पंख, मागे सरकलेला सीजी (विमान ज्या बिंदूवर तोललं जातं तो) आणि दात तुटलेला सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर) यांची भर पडलेली असते.

म्हणून या लेखात ग्लू थेट सहाव्या टप्प्यावर येतो. आधीचे पाच टप्पे कंटाळवाणे वाटतील, पण दुरुस्ती टिकणार की नाही ते तिथेच ठरतं.

इथे गृहीत धरलेलं विमान म्हणजे बॅटरीवर चालणारं, फोमचं, १ ते १.५ मीटर पंखविस्ताराचं, चार चॅनेलचं (थ्रॉटल, पंखांवरचे एलेरॉन, आडव्या शेपटीवरचा एलिव्हेटर आणि उभ्या शेपटीवरचा रडर) आणि ३ सेलच्या लिपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) उडणारं. सांधे जोडण्याची पद्धत वगळली तर बाकी सगळं बाल्साच्या विमानालाही लागू पडतं.

कामाला बसण्यापूर्वी जवळ असू द्या: नवा प्रॉप (नाकावरचा पंखा), सेलनिहाय व्होल्टेज दाखवणारा लिपो चेकर, स्वयंपाकघरातल्यासारखा ग्रॅममध्ये मोजणारा काटा, मोजपट्टी, न ताणणारा दोरा, मास्किंग टेप, टाचण्या किंवा टूथपिक, इपॉक्सी, धारदार कटर, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि विमानासोबत आलेलं माहितीपत्रक. माहितीपत्रक हरवलं असेल तर ते आत्ताच शोधून ठेवा. सीजी आणि कंट्रोलची हालचाल किती ठेवायची हे आकडे त्यातूनच घ्यायचे आहेत.

## टप्पा १: पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं

विमान जमिनीला टेकतंय असं दिसताच थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी काठी) पूर्ण खाली ओढा. प्रॉप जमिनीत रुतलेला असताना मोटरला वीज मिळत राहिली, तर ती फिरू न शकल्यामुळे प्रवाह खूप वाढतो आणि काही सेकंदांत ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जळू शकतो. पडल्यामुळे न बिघडलेला ईएससी असा हकनाक जातो.

क्रम असा ठेवा:

1. थ्रॉटल शून्यावर, आणि थ्रॉटल कटचा स्विच असेल तर तो चालू.
2. ट्रान्समीटर (हातातला रिमोट) चालूच ठेवून विमानाकडे जा.
3. प्रॉपच्या समोर किंवा त्याच्या फिरण्याच्या रेषेत न येता, मागून हात घालून बॅटरी सोडवा.
4. त्यानंतर ट्रान्समीटर बंद करा.

उंच गवतात किंवा पिकात विमान सापडत नसेल तर ट्रान्समीटर चालू ठेवून फक्त थ्रॉटल नसलेली काठी हलवा आणि सर्व्होंचा आवाज ऐकत जा. थ्रॉटलला हात लावू नका.

विमान उचलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. पंख कुठे पडलाय, बॅटरी आत आहे की बाहेर फेकली गेली, कुठला भाग आधी टेकला, हे सगळं उचलताना विस्कटतं. मग विमान ज्या दिशेनं आलं त्या दिशेनं उलट चालत जा. एखादा एलेरॉन किंवा बॅटरीचं झाकण मुख्य जागेच्या बरंच आधी पडलेलं सापडलं, तर तो भाग हवेतच सुटला होता, आणि अर्धं निदान तिथेच झालं.

फोमचे तुकडे अगदी नखाएवढे असले तरी गोळा करा. मोडलेल्या कडा एकमेकींत कोड्याच्या तुकड्यांसारख्या बसतात. तुकडा हरवला की तिथे भर घालावी लागते आणि वजन वाढतं.

सावधान: पडलेल्या विमानाची लिपो लगेच गाडीत किंवा बॅगेत ठेवू नका. मोकळ्या जागी, माती किंवा दगडावर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर निदान अर्धा तास ठेवून लक्ष द्या. आतले थर दबले असतील तर बॅटरी काही वेळानंतरही पेट घेऊ शकते.

अर्ध्या तासानंतर बॅटरी तपासा. कोपरा दबलाय का, वेष्टन फाटलंय का, फुगलीय का, गोडसर उग्र वास येतोय का? यातलं एक जरी असेल तर ती बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. बाहेरून ठीक दिसली तरी चेकर लावून सेलचे व्होल्टेज बघा. एखादा सेल इतरांपेक्षा ०.१ व्होल्टहून जास्त खाली असेल, किंवा कुठलाही सेल ३.० व्होल्टच्या खाली गेला असेल, तर तीही बाजूला काढा. बॅटरीच्या बाबतीत मी सवलत देत नाही. फोम पुन्हा जोडता येतो, लिपोच्या आगीत घर जळतं.

## टप्पा २: ग्लू लावण्याआधी कारण शोधा

"सिग्नल गेला" हे निदान सर्वांत आधी तोंडात येतं. २.४ गिगाहर्ट्झच्या चांगल्या सेटमध्ये ते क्वचितच खरं निघतं. पुढची कारणं एकेक करून तपासा आणि ती संपल्यावरच सिग्नलकडे वळा.

वळताना एक पंख अचानक खाली गेला आणि विमान गिरक्या घेत पडलं. हा स्टॉल. कमी वेगात, तिरक्या वळणात एलिव्हेटर जास्त ओढला की आतल्या बाजूचा पंख आधी उचल सोडतो. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात हे सर्वांत जास्त घडतं. सीजी नेमका होता का तेवढं मात्र तपासा, कारण मागे असलेला सीजी हाच दोष वाढवतो.

नाक सतत वर-खाली होत होतं, सावरताना प्रत्येक वेळी जास्तच होत होतं. सीजी मागे, किंवा उड्डाणात बॅटरी मागे सरकली. बॅटरीचा पट्टा आणि वेल्क्रो ओढून बघा.

वेगात घरघर असा आवाज आला आणि मग ताबा गेला. हे फ्लटर, म्हणजे कंट्रोलचा पत्रा (एलेरॉन, एलिव्हेटर किंवा रडर) वेगात थरथरून तुटणं. सैल हिंज (बिजागरी), हॉर्नमधलं (पत्र्यावरच्या छोट्या दांडीतलं) मोठं झालेलं भोक किंवा वाकणारी पुशरॉड (सर्व्हो आणि हॉर्न जोडणारी तार) शोधा.

मोटर बंद पडली, पण बाकी कंट्रोल चालत होते. बॅटरी उतरल्यावर ईएससीनं मोटर तोडली आणि सर्व्होंसाठी वीज राखून ठेवली. बॅटरीचं उरलेलं व्होल्टेज पाहिलं की हे कळतं. टायमर लावला नसेल तर आता लावा.

मोटर आणि कंट्रोल दोन्ही एकदम गेले. बॅटरीचा कनेक्टर, रिसीव्हरमधून निघालेली वायर, किंवा अडकलेल्या सर्व्होनं खेचलेला जादा प्रवाह. सैल कनेक्टर विमान हलवून, वायरी हलक्या हातानं ओढून शोधा.

दिशा कळली नाही, डावं-उजवं उलटं झालं. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. खालच्या बाजूला गडद पट्टे रंगवले तर पुढच्या वेळी पंखाची वरची आणि खालची बाजू लांबून ओळखता येते.

सापडलेलं कारण कागदावर एका ओळीत लिहा. कारण सापडलं नसेल तर पुढचा टप्पा अधिक बारकाईनं करा.

## टप्पा ३: प्रॉप काढून यंत्रणा तपासा

सावधान: प्रॉप काढल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. पडलेल्या विमानात एखादी वायर दबलेली असते, स्टिक हललेली असते. मोटर अचानक सुरू झाली तर प्रॉप बोटं कापतो.

काढलेला प्रॉप टाकून द्या, तो अख्खा दिसला तरी. १० इंची प्रॉप मिनिटाला ९००० फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १२० मीटर असतो, म्हणजे ताशी ४३० किलोमीटर. पात्याला डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर त्या वेगात उडालेला तुकडा कुठे जाईल हे सांगता येत नाही. शिवाय एका बाजूनं झिजलेला प्रॉप जी थरथर निर्माण करतो, ती नवे सांधे सैल करते.

मोटर. प्रॉप अडॅप्टर हातानं सावकाश फिरवा आणि त्याच्या टोकाकडे बघा. टोक वर्तुळात डोलत असेल तर शाफ्ट वाकलाय. तो सरळ करत बसू नका, शाफ्ट किंवा मोटर बदला. फिरवताना खरखर लागली तर माती शिरलीय किंवा बेअरिंग गेलंय. माती फुंकून काढा. लोखंडाचे कण मात्र चुंबकांना चिकटून बसतात, ते चिकटपट्टीचं टोक आत घालून ओढून काढावे लागतात. मोटरच्या माउंटचे स्क्रू प्रत्येकी तपासा.

सर्व्हो. काठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू न्या आणि प्रत्येक सर्व्होला बोटानं किंचित विरोध करा. एखाद्या ठिकाणी सर्व्होचा हात (त्यावरची छोटी भुजा) घसरला, त्यानं उडी मारली किंवा टिकटिक झाली, तर तिथला दात तुटलाय. झटकन काठी हलवून बघितलं तर हे कळत नाही, कारण तुटलेल्या दातावरून गिअर पटकन पुढे निघून जातो. सर्वांत जास्त चुकणारी तपासणी हीच. नाकावर पडलेल्या विमानात एलिव्हेटरचा सर्व्हो आणि पंखाच्या टोकावर पडलेल्या विमानात त्या बाजूच्या एलेरॉनचा सर्व्हो आधी बघा.

रिसीव्हर आणि अँटेना. बहुतेक रिसीव्हरच्या अँटेनाचा शेवटचा सुमारे ३१ मिलिमीटरचा उघडा भाग हाच सिग्नल पकडतो. तो तुटला, दुमडला किंवा सोलला गेला असेल तर अंतर एकदम कमी होतं. दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवा, आणि कार्बनच्या रॉडपासून किंवा बॅटरीपासून दूर. कार्बन सिग्नल अडवतो.

ईएससी. जळका वास, फाटलेलं आवरण, फुगलेला किंवा मुळाशी हललेला कपॅसिटर दिसला तर बदला.

तपासा: प्रॉप नसताना थ्रॉटल अर्ध्यावर नेऊन मोटर अर्धा मिनिट चालवा. आवाज एकसारखा, थरथर नाही, काही गरम नाही, तरच पुढे.

## टप्पा ४: फोम ओळखा, साफ करा, आकारात आणा

हाताशी असलेला ग्लू सगळ्या फोमवर चालत नाही. साधा सीए ग्लू, म्हणजे सेकंदांत धरणारा पातळ ग्लू, थर्माकोल आणि डेप्रॉनला (पातळ शीटच्या फोमला) विरघळवतो. सांध्याच्या जागी खड्डा पडतो. त्यांच्यासाठी फोम-सेफ सीए मिळतो. ईपीओ आणि ईपीपी (मण्यांचे लवचिक फोम) साधा सीए सहन करतात. कुठला फोम आहे याची खात्री नसेल तर आतल्या, न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाकून पाच मिनिटं थांबा.

चेपलेलं नाक कापून नवं बसवण्याआधी गरम पाणी वापरून बघा. ईपीओ आणि ईपीपीचे दाबलेले मणी उष्णतेनं पुन्हा फुगतात. मोटर, ईएससी, सर्व्हो, रिसीव्हर सगळं काढा. उकळून किंचित निवलेलं पाणी चेपलेल्या भागावर १० ते २० सेकंद ओता, बघा, परत ओता. फोम मऊ असतानाच बोटांनी आकार द्या आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. पंखाला पीळ पडला असेल तर तोही याच रीतीनं, उलट्या बाजूला किंचित जास्त वळवून काढता येतो. स्टिकर मात्र सुटतात, आणि थर्माकोल किंवा डेप्रॉनवर हा उपाय करू नका, ते आकसतात.

भाग रात्रभर वाळू द्या. मण्यांच्या मधे अडकलेलं पाणी वजन वाढवतं आणि इपॉक्सीला धरू देत नाही.

आता मोडलेल्या कडा. इथे बहुतेक जण सँडपेपर घेतात आणि नुकसान करून बसतात. मोडलेला ओबडधोबड पृष्ठभागच तुकड्याला अचूक जागी बसवतो. घासला की ती खूण गेली आणि पंख दोन मिलिमीटर आखूड झाला. कोरड्या ब्रशनं माती आणि गवत काढा, जुन्या ग्लूचे कडक पापुद्रे टोकदार कटरनं उचला, आणि तिथेच थांबा.

## टप्पा ५: ग्लूशिवाय जोडा आणि मोजा

सगळे तुकडे कोरडे बसवा. टाचण्या किंवा टूथपिकनं अडकवा, वरून मास्किंग टेप. आता पेन्सिलीनं प्रत्येक सांध्यावरून आडव्या छोट्या रेघा मारा. ग्लू लावल्यावर या रेघा जुळल्या म्हणजे तुकडा जागेवर आला.

मग मोजमाप:

1. पंख आणि शेपूट. शेपटीच्या मध्यावर टाचणी टोचून दोरा बांधा. दोरा डाव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणून खूण करा, मग तोच उजव्या टोकापर्यंत न्या. दोन्ही अंतरं सारखी हवीत.
2. मागून बघा. विमान सपाट टेबलावर ठेवून तीन-चार मीटर मागे उभे राहा. आडवं शेपूट आणि पंख एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. इथला तिरकेपणा ट्रिमनं (ट्रान्समीटरवरच्या बारीक समायोजनानं) पूर्ण जात नाही. वेग बदलला की विमान पुन्हा एका बाजूला ओढतं.
3. पंखाचा पीळ. दोन्ही पंखांच्या टोकांकडे समोरून एकाच उंचीवरून बघा. एका टोकाची मागची कड दुसऱ्यापेक्षा वर किंवा खाली नको.

नेहमीची चूक: मोटर थोडी उजवीकडे आणि खाली झुकलेली दिसते, आणि "पडल्यामुळे वाकडी झाली" म्हणून लोक ती सरळ करतात. बऱ्याच विमानांत हा झुकाव मुद्दाम दिलेला असतो, साधारण दोन ते तीन अंशांचा, प्रॉपची ओढ आणि थ्रॉटल वाढवल्यावर नाक वर जाणं सावरण्यासाठी. माहितीपत्रकातलं चित्र किंवा पडण्याआधीचा एखादा फोटो बघून ठरवा.

थांबायचं असेल तर निर्णयाची वेळ हीच. पंख जिथे धडाला जोडला जातो ती पेटी चुरगळली असेल आणि शिवाय शेपूट पिळलं असेल, तर मी त्या विमानातली यंत्रणा काढून घेतो आणि नवं धड बघतो. अशी दुरुस्ती होते, पण ग्लू इतका लागतो की विमान जड आणि उतरताना वेगवान होतं.

## टप्पा ६: आता ग्लू

आधी सगळ्या तुकड्यांसकट विमानाचं वजन करून लिहून ठेवा.

कुठे काय वापरायचं, याबद्दलचं माझं मत:

इपॉक्सी पंखाचे सांधे, मोटर माउंट, शेपटीचं मूळ यांसाठी. पाच मिनिटांची लहान सांध्याला, तीस मिनिटांची मोठ्या सांध्याला. पाच मिनिटांच्या इपॉक्सीत मोठा पंख सरळ करायला वेळच मिळत नाही, आणि तो वाकडाच धरला जातो. दोन्ही भाग समान मापानं घ्या आणि पूर्ण मिनिटभर ढवळा. चिकट राहिलेली इपॉक्सी म्हणजे माप चुकलं.

सीए बारीक चिरा आणि नाकावरचे पापुद्रे यांसाठी. तो कडक होतो, त्यामुळे वाकणाऱ्या जागी पुन्हा चीर जाते. सुती कापडावर सांडला तर तापून चटका बसतो, म्हणून पुसायला कापड वापरू नका. डोळ्यांना चष्मा, खिडक्या उघड्या.

फुगणारा पॉलियुरेथेन ग्लू पोकळी भरायला चांगला, पण फुगताना तो तुकड्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. पूर्ण वाळेपर्यंत घट्ट टेप हवा.

हॉट ग्लू सर्व्हो बसवायला ठीक. पंखाच्या सांध्यात नको. जड असतो, आणि उन्हात तापलेल्या विमानात मऊ पडतो.

लावताना दोन्ही कडांना पातळ थर द्या, सांध्यातून किंचित बाहेर येईल इतकाच. जाड थरानं ताकद वाढत नाही, कारण पुढच्या वेळी फोम तुटतो तो सांध्याच्या शेजारी. रेघा जुळवा, दाबा, बाहेर आलेला ग्लू पुसा, टेप लावा. दोऱ्याचं मोजमाप ग्लू ओला असतानाच पुन्हा करा.

पंख मोडला असेल तर नुसता सांधा पुरत नाही. उडताना पंख वर वाकतो, म्हणजे खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. फोम ताणात लवकर तुटतो, म्हणून आधार खालच्या बाजूला हवा. मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना निदान १० सेंटिमीटर जाईल एवढी ३ मिलिमीटरची कार्बन रॉड घ्या. कटरनं तेवढीच खाच पाडून ती इपॉक्सीत बसवा, वरून तंतूंची टेप. दोन रॉड लावल्या तर त्यांची टोकं एकाच रेषेत आणू नका. तिथे पुढची मोड होते.

पंखातली मूळची कार्बन नळी मोडली असेल तर तिची टोकं समोरासमोर चिकटवून चालत नाही. नळी बदला.

सावधान: कार्बन कापताना मास्क घाला आणि रॉड ओली ठेवा. ती धूळ फुप्फुसांना आणि कातडीला त्रास देते.

इपॉक्सी पाच मिनिटांची असली तरी रात्रभर टेप काढू नका. दुसऱ्या दिवशी सांध्याच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच वाकवा. करकर आवाज आला किंवा रेघ उघडली तर सांधा पुन्हा करा. मग वजन करा. आधीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वाढलं असेल तर जादा ग्लू तासून काढा. ही मर्यादा मी माझ्यासाठी घातलेली आहे आणि ती उपयोगी पडली आहे.

## टप्पा ७: कंट्रोल शून्यापासून लावा

जुने ट्रिम जुन्या विमानासाठी होते. ट्रान्समीटरवरचे ट्रिम आणि सब-ट्रिम दोन्ही शून्यावर आणा, बॅटरी जोडा, सर्व्होचा हात पुशरॉडशी काटकोनात येईल अशा दातावर बसवा आणि स्क्रू लावा. (हा छोटा स्क्रू विसरल्यामुळे हात निघून आलेली विमानं मी पाहिली आहेत.) मग क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची फिरवता येणारी क्लिप) फिरवून कंट्रोलचा पत्रा सरळ करा. हे काम ट्रिमनं उरकू नका, नाहीतर हवेत एका बाजूला ट्रिम शिल्लक राहत नाही.

प्रत्येक हिंज ओढून बघा. हालचाल माहितीपत्रकातल्या आकड्यांप्रमाणे मोजा आणि पहिल्या उड्डाणासाठी कमी हालचालीचा रेट ठेवा.

## टप्पा ८: सीजी

सगळं बसवून, प्रॉप आणि बॅटरीसकट, विमान सीजीच्या खुणांवर दोन बोटांनी तोला. पंख धडाच्या खाली असेल तर विमान उलटं धरा. ते आडवं किंवा किंचित नाक खाली राहिलं पाहिजे. खूण सापडत नसेल आणि पंख साधा आयताकृती असेल, तर पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ टक्क्यांवर सुरुवात करा. रुंदी २०० मिलिमीटर असेल तर ५० मिलिमीटरवर.

शेपटीतला ग्लू किती महाग पडतो ते बघा. सीजीपासून ६०० मिलिमीटर मागे १० ग्रॅम वाढले, तर २०० ग्रॅमची बॅटरी ३० मिलिमीटर पुढे न्यावी लागते. बॅटरीला पुढे जागा नसेल, तर सीजीच्या २०० मिलिमीटर पुढे नाकात ३० ग्रॅमचं वजन ठेवावं लागतं. म्हणून शेपटीत सगळ्यात कमी ग्लू. आधी बॅटरी सरकवा, वजन ठेवणं शेवटी. सीजी ठरला की बॅटरीच्या पुढच्या कडेची जागा आत पेननं आखून ठेवा.

डावी-उजवी बाजूही तोला, एका पंखात रॉड घातली असेल तर नक्कीच.

## टप्पा ९: मैदानावरची तपासणी

एकदा मी एलेरॉनचा सर्व्हो बदलला, दोन्ही एलेरॉन हलताना पाहिले आणि विमान फेकलं. ते डावीकडे कललं, मी उजवी काठी दिली, आणि ते आणखी डावीकडे गेलं. नवा सर्व्हो उलट दिशेनं फिरणारा होता. मी हालचाल पाहिली होती, दिशा पाहिली नव्हती. दहा दिवसांचं काम दोन सेकंदांत गेलं. म्हणून ही तपासणी मी आता मोठ्यानं बोलत करतो.

विमानाच्या मागे, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहा:

1. काठी उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली.
2. एलिव्हेटरची काठी स्वतःकडे: एलिव्हेटर वर.
3. रडरची काठी उजवीकडे: रडर उजवीकडे.
4. स्टॅबिलायझर (विमान आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर विमान हातात घेऊन उजवा पंख खाली झुकवा: उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे. नाक खाली केलं की एलिव्हेटर वर. काठीची दिशा बरोबर असूनही ही दिशा उलटी असू शकते, विशेषतः रिसीव्हर वेगळ्या बाजूनं बसवला असेल तर.
5. प्रॉपवरची अक्षरं पुढच्या बाजूला, आणि हवा मागे फेकली जाते. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर मोटर बंद होणं, प्रॉप काढून बघा: थ्रॉटल थोडा वर ठेवून ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबली पाहिजे. मग ट्रान्समीटरचा रेंज तपासणी मोड लावून सुमारे ३० पावलं दूर जा. कंट्रोल न अडखळता चालले पाहिजेत. तेवढंच अंतर मोटर चालू असताना पुन्हा बघा. यावेळी प्रॉप असेल तर विमान मदतनीसानं मागून घट्ट धरलेलं हवं.

## टप्पा १०: पहिलं उड्डाण

वारा पडलेला असताना, पूर्ण चार्ज बॅटरीनं, टायमर चार मिनिटांवर. मैदानात माणसं असतील तर थांबा.

वारा समोरून येईल असं तोंड करून सोडा. हातानं फेकताना विमान आडवं सोडा. नाक वर करून फेकलं की वेग धरण्याआधीच स्टॉल होतो. थ्रॉटल दोन तृतीयांशाच्या आसपास. सरळ, सावकाश चढू द्या, आणि ४० ते ५० मीटर उंचीच्या आत ट्रिमला हात लावू नका. तिथे थ्रॉटल अर्ध्यावर आणून आधी एलिव्हेटर, मग एलेरॉन ट्रिम करा.

ट्रिम झाल्यावर त्याच उंचीवर, सरळ रेषेत, थ्रॉटल कमी करून एलिव्हेटर हळूहळू ओढा. नाक सरळ खाली पडलं तर ठीक. दर वेळी एकच पंख खाली जात असेल तर त्या पंखाला पीळ राहिलाय. उतरताना वेग जास्त ठेवा आणि घरी टप्पा ५ पुन्हा करा. सूर मारून सीजी तपासण्याची पद्धत पहिल्या उड्डाणात नको. नव्या सांध्यावर सूर सोडतानाचा भार येतो.

उतरताना शेवटचं वळण मोठं आणि उंचीवरच घ्या, वळणात थोडा थ्रॉटल ठेवा आणि विमान जमिनीजवळ येईपर्यंत पंख समतल राखा. वळण चुकलं तर ओढून आणू नका. थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी मारा. चार मिनिटांतून त्यासाठीच वेळ शिल्लक ठेवलेला असतो.

उतरल्यावर बॅटरी सोडवा आणि दुसऱ्या उड्डाणाआधी बघा: सांध्याजवळ फोम पांढरा पडलाय का, टेप सुटलीय का, मोटर हात लावता येईल इतपतच गरम आहे का, माउंटचे स्क्रू आणि सर्व्हो हाताचे स्क्रू घट्ट आहेत का, बॅटरी आखलेल्या रेघेवरच आहे का. नवे ट्रिम बटणाच्या चार-पाच दाबांपेक्षा जास्त लागले असतील तर क्लेव्हिस फिरवून पत्रा तिथे आणा आणि ट्रिम पुन्हा शून्यावर न्या. मगच दुसरी बॅटरी जोडा.